परीक्षा विभाग विरुद्ध शैक्षणिक विभाग: मनोबलाच्या कार्यशाळेने वाद मिटतात का?

प्रश्न | कक्षाधिकारी_आस्थापना

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका राज्य विद्यापीठात आस्थापना विभागाकडून प्रस्ताव जायचा आहे. विषय: कर्मचाऱ्यांची मानसिक बलस्थाने वाढवून कार्यालयातले वाद कमी करणे. दोन दिवसांची कार्यशाळा, आधी आणि नंतर प्रश्नावली, असा कच्चा आराखडा आहे.

वादांचं स्वरूप साधारण असं. अंतर्गत गुण वेळेत येत नाहीत म्हणून परीक्षा विभाग आणि शैक्षणिक विभागांत पत्रापत्री चालू असते. निकाल राखून ठेवला की विद्यार्थी खिडकीवर येतात आणि बोलणी खातो तो कनिष्ठ सहायक. अतिरिक्त कार्यभार कोणाकडे द्यायचा यावरून कक्षांमध्ये धुसफूस आहे. शिवाय काही विभागांत वेळापत्रक आणि प्रयोगशाळेवरून प्राध्यापकांची आपसांत बोलचाल बंद.

अशी प्रश्नावली खरंच काही सांगते का? कार्यशाळेत नेमकं काय घ्यावं? आणि वाद मिटवण्याची बैठक कोणी, कशी घ्यावी? तपशिलात सांगावं, कारण शेवटी एखादं प्रेरणादायी व्याख्यान होऊन हारतुऱ्यांवर प्रकरण संपू नये अशी मनापासून इच्छा आहे.

उत्तर | मानसमापन

सर्वांत आधी प्रस्तावाचा विषय बदला. ‘बलस्थाने वाढवून वाद कमी करणे’ असं लिहिलं की वादाचं खापर आपोआप कर्मचाऱ्याच्या मनावर फुटतं. तुमच्या चार उदाहरणांपैकी पहिली तीन कामाच्या रचनेतून आलेली आहेत. ती तशीच ठेवून माणसांना आशावादी करायला गेलात, तर लोक एक दिवस टाळ्या वाजवतील आणि पुढच्या सत्रात तीच पत्रं पुन्हा निघतील.

वादांची आधी वर्गवारी करा. कामाच्या ठिकाणच्या वादांच्या अभ्यासक कॅरेन जेन यांनी १९९० च्या दशकात केलेली विभागणी इथे कामाला येते: कामाच्या आशयावरून मतभेद, कामाच्या वाटणीवरून आणि पद्धतीवरून वाद, आणि व्यक्तीव्यक्तींमधला वाद. ‘मतभेद आरोग्यदायी असतात’ असं व्याख्यानांत सर्रास ऐकायला मिळतं, ते जपून घ्या. दे ड्रू आणि वाइनगार्ट यांनी २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा कामावरचे मतभेददेखील एकंदरीत कामगिरीला मारकच निघाले. पुढे २०१२ मधल्या विश्लेषणात दिसलं, की कामावरचा मतभेद व्यक्तिगत भांडणात मिसळलेला नसेल तिथे नुकसान कमी होतं. म्हणून मतभेद पूर्ण बंद करण्याच्या मागे न लागता ते व्यक्तीवर घसरू द्यायचे नाहीत, एवढंच लक्ष्य धरा.

वर्गवारीसाठी मुलाखतींची गरज नाही. दोन्ही विभागांमधली गेल्या सहा महिन्यांची पत्रं आवक-जावकमधून काढा आणि दोन रंगांनी खुणा करा: तारीख, विद्यार्थ्याचा परीक्षेतला जागा क्रमांक, विषय सांकेतांक असलेली वाक्यं एका रंगात, ‘हेतुपुरस्सर’, ‘नेहमीप्रमाणे’, ‘बेजबाबदारपणे’ असली वाक्यं दुसऱ्या रंगात. दुसरा रंग कोणत्या महिन्यापासून वाढला ते पाहा. बहुतेक वेळा त्याच्या आधी एखादी ठरावीक घटना सापडते: कारणे दाखवा नोटीस, प्रत थेट कुलगुरूंना पाठवलेलं पत्र, किंवा भर बैठकीत झालेला अपमान. तिथून पुढे तो वाद गुणांच्या यादीपुरता राहत नाही.

आता बलस्थानांकडे. व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रेड लुथान्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या मानसशास्त्रीय भांडवलात चार घटक आहेत: आशा, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, चिवटपणा आणि आशावाद. हे स्वभावासारखे पक्के नसतात, सरावाने बदलू शकतात, म्हणून प्रशिक्षणात घेता येतात. मूळ प्रश्नावली २४ विधानांची, प्रत्येक घटकाला ६, आणि उत्तर १ ते ६ या श्रेणीत. १२ विधानांची छोटी आवृत्तीही आहे. चुका होतात त्या अशा:

– २४ पैकी काही विधानं उलट्या अर्थाची आहेत. त्यांचे गुण फिरवून न घेता सरळ बेरीज केली की आशावाद आणि चिवटपणाचे आकडे बिघडतात. एक्सेलमध्ये भरताना ही चूक सगळ्यांत जास्त होते.
– प्रश्नावलीचे हक्क राखीव आहेत. परवानगी घ्या, कुठून तरी मिळालेली झेरॉक्स वाटू नका.
– मराठी भाषांतर एकाने करावं, ते न पाहिलेल्या दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत न्यावं आणि तफावत तपासावी. ‘माझी कामाची उद्दिष्टे’ असं विधान परिचर, वाहनचालक यांना काय सांगतं, हे पाच-सहा जणांना वाचायला देऊन आधी बघा.
– सात जणांच्या कक्षाची सरासरी जाहीर केली की कोणाचा आकडा कमी हे सगळ्यांना कळतं. दहापेक्षा कमी लोकांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका.

आणि गुण गोपनीय अहवालाच्या जवळपासही जाता कामा नयेत. तशी नुसती शंका आली तरी सगळे ५ आणि ६ वर खूण करतील आणि कागद वाया जाईल.

उत्तर | आवकजावक

वरचं सगळं पटतं, पण माझा भर वेगळ्या जागी आहे. परीक्षा विभागाच्या वादात आधी तारखा लावा, मग मनं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काहीही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचा. नाही लागला तर कारणांसह अहवाल वर जातो. परीक्षेच्या कामात साहाय्य करणं शिक्षक आणि शिक्षकेतर दोघांवरही बंधनकारक आहे. म्हणजे दबाव दोन्हीकडे खरा आहे. फक्त ३० दिवसांची मुदत परीक्षा विभागाच्या माथ्यावर दिसते आणि विभागप्रमुखाला ती दिसत नाही. त्याला दिसतात तासिका, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रं, पीएच.डी.च्या बैठका.

म्हणून उलटं मोजत या. २८ व्या दिवशी निकाल जाहीर करायचा असेल, तर २३ व्या दिवशी त्रुटींची यादी विभागांकडे गेली पाहिजे आणि ४८ तासांत उत्तर आलं पाहिजे. उत्तरपत्रिकांचं केंद्रीय मूल्यमापन १८ व्या दिवसापर्यंत. अंतर्गत गुण मात्र शेवटच्या पेपरच्या सात दिवस आधीच बंद. हे वेळापत्रक परीक्षा विभागाने एकट्याने काढू नये. परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आणि दोन अधिष्ठाते यांच्या सहीने, सत्र सुरू होतानाच निघावं. सत्राच्या शेवटी निघालेलं वेळापत्रक विभागाला धमकीसारखं वाटतं.

राखून ठेवलेल्या निकालांमागे एक बारीक कारण वारंवार असतं: रिकामा रकाना. विद्यार्थी गैरहजर असताना शिक्षक रकाना कोरा सोडतात, कोणी शून्य भरतात, कोणी आडवी रेघ मारतात. प्रणालीला तिन्हींचा अर्थ वेगळा. गैरहजेरीची खूण, शून्य आणि ‘गुण येणे बाकी’ या तिन्हींसाठी तीन ठरावीक चिन्हं ठरवून गुणपत्रकाच्या वरच छापा. दुसरं कारण म्हणजे नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बदललेले विषय सांकेतांक: विद्यार्थ्याने निवडलेला ऐच्छिक विषय एक आणि गुण भरले दुसऱ्याच सांकेतांकाखाली. तिसरं, पुनर्परीक्षार्थींचे जुने अंतर्गत गुण पुढे ओढायचे राहून जातात. ही तीन कारणं आटोक्यात आली तर खिडकीवरची गर्दीच कमी होते आणि कनिष्ठ सहायकाला ‘सहनशीलता वाढवा’ असं सांगायची वेळ येत नाही.

उपकेंद्र असेल तर आणखी एक कलम घाला. धाराशिवचं उपकेंद्र छत्रपती संभाजीनगरपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर आहे. इतक्या अंतरावर एका सहीसाठी कागद पाठवायचा म्हटलं की दोन दिवस जातात आणि उशिराचा दोष उपकेंद्रावर बसतो. ई-ऑफिस असो वा साधा ईमेल, दुरुस्तीपत्राची स्कॅन प्रत ग्राह्य धरायची, असा स्पष्ट आदेश लागतो. तोंडी ‘चालतंय’ म्हटलेलं लेखापरीक्षणाच्या वेळी चालत नाही.

अतिरिक्त कार्यभाराचं सांगतो. पदं रिकामी, त्यामुळे कार्यभार द्यावाच लागणार. भांडण होतं ते कार्यभाराला शेवटची तारीख नसते म्हणून. प्रत्येक कार्यालयीन आदेशात तीन गोष्टी लिहा: किती महिन्यांसाठी, मूळ कामातलं कोणतं काम कमी केलं, आणि त्यानंतर क्रमाने कोणाकडे जाणार. चांगलं काम करणाऱ्याकडेच सगळी टेबलं साचत जातात, आणि रागावतो तोही आणि ज्याला कधी विचारलंच नाही तोही.

प्रश्नकर्ता | कक्षाधिकारी_आस्थापना

दोघांचेही आभार. रकान्याची गोष्ट आजच परीक्षा विभागाला कळवतो. आता बैठकीचं सांगा. विभागप्रमुख आणि परीक्षा विभागाचे अधीक्षक समोरासमोर बसायला तयार नसतील तर? कर्मचारी संघटनेला बोलवायचं का? आणि कोणते वाद अशा बैठकीत घ्यायचेच नाहीत?

उत्तर | कलम_आणि_पोटकलम

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक महागात पडते.

लैंगिक छळाची तक्रार सलोख्याच्या बैठकीत आणायची नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असते आणि तक्रार तिकडेच जाते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, कारण असेल तर आणखी तीन महिने वाढ, आणि चौकशी ९० दिवसांत. चौकशी सुरू होण्याआधी समझोता होऊ शकतो, पण फक्त त्या महिलेने स्वतः मागितला तर, आणि पैशाच्या आधारावर कधीच नाही. विभागप्रमुखाने ‘घरातलं प्रकरण घरात मिटवू’ म्हणून दोघांना समोर बसवणं हा त्या महिलेवर दुसरा अन्याय आहे.

जातीवाचक अपमानाचंही तसंच. आपल्याकडे नामांतराचा लढा आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार हे विद्यापीठांच्या आवारातल्या माणसांच्या आठवणीत जिवंत आहेत. अशा तक्रारीला ‘गैरसमज’ म्हणून चहावर मिटवायला गेलं की पुढे कोणत्याच प्रक्रियेवर विश्वास राहत नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होण्यासारखं असेल तर त्याच मार्गाने जाऊ द्या. पैशाचा अपहार, गुणांत फेरफार, पेपरफुटी हे विषयही बैठकीबाहेर.

सेवाविषयक तक्रारींसाठी विद्यापीठ कायद्यातच सोय आहे. कलम ७९ खाली तक्रार निवारण समिती. बडतर्फी, सेवेतून काढणं, पदावनती अशा आदेशांविरुद्ध कलम ८१ खाली न्यायाधिकरणाकडे अपील. तुमच्या बैठकीच्या सूचनेत एक वाक्य न चुकता घाला: ‘या संवादात भाग घेतल्याने किंवा न घेतल्याने संबंधितांच्या कोणत्याही वैधानिक हक्काला बाधा येणार नाही.’ अपिलाची मुदत चालू असेल तर बैठकीसाठी थांबू नका, असंही सांगा. सलोख्याच्या नादात मुदत निघून गेली तर पुढे उशीर माफ करून घेण्यासाठी झगडावं लागतं.

संघटनेबद्दल: प्रत्येक कर्मचाऱ्याला हवा असल्यास सोबत एक सहकारी आणता येईल, इतकंच लिहा. तो संघटनेचा पदाधिकारी असला तरी हरकत नाही, पण बोलणार तो कर्मचारी स्वतः. पदाधिकाऱ्यांना दाराबाहेर ठेवलं की बैठक संपायच्या आत गेटवर सभा भरते.

उत्तर | मानसमापन

बैठकीची रीत सांगतो. चारही बलस्थानांचा कस तिथेच लागतो.

मध्यस्थ असा हवा की जो दोघांपैकी कोणाचाही गोपनीय अहवाल लिहीत नाही, कोणाची बदली करू शकत नाही, आणि ज्याची फाईल त्यांच्याकडे अडकलेली नाही. कुलसचिव किंवा प्र-कुलगुरू या कामाला चालत नाहीत. त्यांच्यासमोर दोघेही निकालाच्या आशेने बोलतात. दुसऱ्या शाखेतले ज्येष्ठ प्राध्यापक आणि एक अनुभवी शिक्षकेतर अधिकारी अशी जोडी बरी. एकटा प्राध्यापक ठेवला की शिक्षकेतरांना बैठक आधीच हरल्यासारखी वाटते. जागा तिसरीच निवडा, म्हणजे अतिथिगृहाची खोली किंवा ग्रंथालयाचा चर्चाकक्ष. टेबलाच्या एका बाजूला अधिकारी आणि समोर उभा कर्मचारी, असं चित्र तिथे दिसता कामा नये.

आधी प्रत्येकाशी वेगळं बोला, ४० मिनिटं, दोघांनाही तेच चार प्रश्न: नेमकं काय घडलं, त्याने तुमचं कोणतं काम अडलं, समोरच्याची अडचण काय असेल असं वाटतं, आणि पुढच्या सत्रात काय वेगळं झालं तर चालेल. तिसऱ्या प्रश्नावर माणूस अडकतो. अडकू द्या, घाई करू नका. समोरासमोर बसायला नकार असेल तर मध्यस्थाने याच टप्प्यावर दोन-तीन फेऱ्या करून लेखी मुद्दे इकडून तिकडे न्यावेत. त्यावरही पुष्कळ वाद सुटतात. सक्तीने बसवलेली माणसं मान डोलावतात आणि खाली जाऊन पत्र टाइप करतात.

एकत्र बैठक ९० मिनिटांची ठेवा, जास्त नको. फळ्यावर दोन रकाने: मागणी आणि गरज. ‘परीक्षा विभागाने मुदत वाढवावी’ ही मागणी. ‘प्रात्यक्षिकाच्या बॅचेस संपण्याआधी गुण मागू नयेत’ ही गरज. ‘विभागप्रमुखावर कारवाई करा’ ही मागणी. ‘विद्यार्थ्यांपुढे उत्तर देताना माझ्या हातात माहिती असावी’ ही गरज. मागण्या एकमेकींवर आदळतात, गरजा बऱ्याचदा शेजारी बसू शकतात.

इथे आशावादाचा भाग येतो. मानसशास्त्रज्ञ सेलिगमन यांनी दाखवलं, की निराश माणूस वाईट घटनेला कायमचं आणि सगळीकडे पसरलेलं कारण देतो. ‘ते लोक कधीच वेळेवर देत नाहीत, त्यांचं सगळंच असं.’ मध्यस्थाने असं वाक्य ऐकलं की शांतपणे विचारावं: कोणत्या सत्राची यादी, किती जागा क्रमांक, कोणत्या तारखेला? उत्तर ‘उन्हाळी परीक्षेतले चौदा क्रमांक’ असं आलं की वाद मोजता येण्याजोगा होतो. पण ‘सकारात्मक विचार करा’ असं मात्र बैठकीत कोणी म्हणू नये. ज्याचा निकाल खरोखर अडला आहे त्याला ते लागतं.

आशेचा अर्थ मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांच्या मांडणीत नुसतं ‘होईल सगळं ठीक’ असा नाही. उद्दिष्ट, तिथे जायच्या एकाहून जास्त वाटा, आणि चालण्याची इच्छा, हे तिन्ही लागतं. भांडणात अडकलेल्याला एकच वाट दिसते. म्हणून प्रत्येक गरजेसाठी किमान तीन पर्याय काढल्याशिवाय कोणताही पर्याय निवडायचा नाही, हा नियम ठेवा. तिसरा पर्याय बहुतेक वेळा दोघांनी मिळून काढलेला असतो, आणि माझ्या मते तोच टिकतो.

क्षमतेवरच्या विश्वासाचं प्रशिक्षण व्याख्यानाने होत नाही. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी सांगितलेल्या या विश्वासाच्या स्रोतांत सर्वांत प्रबळ म्हणजे स्वतः करून यशस्वी होणं, त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला करताना पाहणं. म्हणून कार्यशाळेत कनिष्ठ सहायकांना खिडकीवरच्या रागावलेल्या पालकाशी बोलण्याचा सराव द्या: तिघांचा गट, पाच मिनिटं संवाद, दोन मिनिटं अभिप्राय, मग भूमिका बदल. आधी सोपा प्रसंग, नंतर अवघड. पहिल्याच फेरीला सगळ्यात तापट पालक दिला तर विश्वास वाढायच्या ऐवजी कमी होतो. आणि एक सावधगिरी: ऐकण्याचा सराव न देता नुसता आत्मविश्वास वाढवला तर माणूस आपलंच खरं करायला जास्त जोर लावू शकतो. या विषयाचे अभ्यासक रहीम यांनी वाद हाताळण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत: एकत्र तोडगा, समोरच्याचं मान्य करून सोडून देणं, दाबून नेणं, टाळणं आणि देवाणघेवाण. यातल्या कोणत्या वेळी कोणती, हे प्रसंग देऊन करून घ्या. टाळणं दर वेळी वाईट नसतं. निकालाच्या आदल्या संध्याकाळी जुना हिशोब न काढणं शहाणपणाचंच आहे.

चिवटपणावर फार वेळ घालवू नका. सुटी, पाणी, पंखा आणि खिडकीवर आलटून-पालटून माणूस एवढं मिळालं तर तो बराचसा आपोआप टिकतो. मे महिन्यात ४२ अंशांत पत्र्याखालच्या खोलीत सहा तास बसलेल्या माणसाची मानसिक ताकद मोजायला जाऊ नका.

लेखी टिपण एका पानाचं: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, आणि अडचण आली तर कोणाला फोन. ‘माफी मागितली’, ‘चूक कबूल केली’ असे शब्द त्यात नकोत. टिपण सेवापुस्तकात किंवा विभागीय चौकशीत वापरायचं नाही, हे आधीच लेखी ठरवा. १५ दिवसांनी आणि ४५ दिवसांनी आढावा. पहिला आढावा टळला की तोडगा टळलाच, असं समजा.

उत्तर | तासिकातत्त्व

एक मुद्दा राहिला. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि कंत्राटी कर्मचारी या बैठकांत काहीच बोलणार नाहीत, कारण पुढच्या सत्राची नेमणूक त्याच विभागप्रमुखाच्या हातात असते. त्यांना विचाराल तर सगळं छान चाललंय असंच सांगतील. प्रयोगशाळेच्या आणि वेळापत्रकाच्या वादात गैरसोयीचे तास बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतात. नियमित सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) २०१८ चा नियम समोर ठेवून वेळापत्रक विभागाच्या फलकावर लावा, प्रत्येकाच्या नावापुढे तास लिहून. दोन प्राध्यापकांची बोलचाल का बंद आहे, हे त्या एका कागदावरून बऱ्याचदा कळतं. आणि या लोकांची मतं घ्यायची तर विभागाबाहेरच्या माणसाने, निनावी, आणि सगळ्या विभागांची एकत्र करून घ्यावीत.

प्रश्नकर्ता | कक्षाधिकारी_आस्थापना

प्रस्ताव असा बदलतो: आधी पत्रांची छाननी आणि परीक्षा वेळापत्रकाचा आदेश, मग मध्यस्थांची यादी, त्यानंतर प्रश्नावली आणि कार्यशाळा. कार्यशाळा उन्हाळी परीक्षा संपल्या की लगेच जूनमध्ये ठेवावी का?

उत्तर | आवकजावक

जूनमध्ये नको. त्या वेळी निकालांचं काम गळ्याशी आलेलं असतं आणि प्रवेशही सुरू होतात. परीक्षा विभागाचे लोक सहीपुरते येतील. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या सुरुवातीला सुरू करा, गणपतीच्या तारखा तपासून. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या तयारीत माणसं अडकायच्या आत उरकेल आणि हिवाळी परीक्षांच्या आधी पहिला आढावाही बसेल. सलग दोन दिवस न घेता अर्धा-अर्धा दिवस चार आठवडे घ्या. कक्षातले निम्मे लोक खिडकीवर राहतील, निम्मे प्रशिक्षणाला, आणि मधल्या आठवड्यात शिकलेलं करून पाहता येईल. मस्टरवर हा वेळ कर्तव्यकाल म्हणून लागेल असा आदेश मात्र आधी काढा. नाहीतर रजा टाकून या म्हणणारा अधीक्षक कुठे ना कुठे निघतोच.